वजनगट, मल्ल आणि संघ : अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीतील एका तडजोडीचा इतिहास

प्रस्तावना

कुस्ती हा व्यक्तीचा खेळ आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिची सहसा कोणी तपासणी करीत नाही. महाराष्ट्रातील मातीच्या कुस्तीत मल्लाची ओळख तालमीवरून, वस्तादांवरून आणि गावावरून होते हे खरे. परंतु जत्रेच्या वा उरुसाच्या मैदानात जोड लागते ती दोन माणसांची. वय, अंगकाठी, पूर्वी मारलेल्या कुस्त्या आणि नाव पाहून जाणकार मंडळी जोड नेमतात. वजनाच्या काट्याला त्या परंपरेत फारसे स्थान नव्हते. मल्ल हरला तर तो हरतो. तालमीच्या नावाला थोडा धक्का बसत असेल, पण तालमीच्या खात्यातून गुण वजा होत नाहीत.

अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीची रचना याहून मुळातच निराळी आहे. तेथे मल्ल एका विशिष्ट वजनगटात उतरतो, त्या गटात त्याच्या महाविद्यालयाचा तो एकमेव प्रतिनिधी असतो आणि त्याने मिळविलेले किंवा गमावलेले गुण संघाच्या नावावर जमा होतात. एखाद्या मल्लाला ज्या वजनात लढणे मानवते, त्याच गटात संघातील दुसरा, कदाचित अधिक चांगला मल्ल असेल, तर त्याने काय करावे? खालच्या गटात उतरावे, वरच्या गटात चढावे, की बाकावर बसून पुढच्या हंगामाची वाट पाहावी? हा प्रश्न तेथील प्रत्येक संघात दरवर्षी नव्याने उपस्थित होतो.

या प्रश्नाकडे स्वार्थ आणि त्याग यांच्यातील झगडा म्हणून पाहण्याची सवय क्रीडाविषयक लेखनाला जडलेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न वृत्तीचा कमी आणि रचनेचा अधिक आहे. गट किती असावेत, एका गटात किती जणांना प्रवेश द्यावा, वजन केव्हा करावे, या वरवर कोरड्या वाटणाऱ्या नियमांनीच तडजोडीची किंमत कोणी आणि कशातून चुकती करावयाची हे ठरविले आहे. १९९८ पर्यंत ती किंमत प्रामुख्याने मल्लाच्या शरीरातील पाण्यातून चुकती केली जात होती. त्यानंतर तडजोडीची दिशाच पालटली. हा बदल कसा घडला, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

गटांची घडण

अमेरिकेतील विद्यापीठांमधील संघटित कुस्तीचा आरंभ पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांत झाला. येल, कोलंबिया, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांची पहिली आंतरविद्यापीठीय स्पर्धा १९०५ मध्ये झाली. राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धेसाठी मात्र १९२८ साल उजाडावे लागले. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (यापुढे 'एनसीएए') या संस्थेची पहिली कुस्ती स्पर्धा आयोवा राज्यातील एम्स येथे, आयोवा स्टेट कॉलेजात भरली. नेब्रास्का विद्यापीठातील डॉ. आर. जी. क्लॅप यांच्या नेतृत्वाखालील समितीने तिची नियमावली सिद्ध केली होती. मैदान गाजविले ते ओक्लाहोमा ए. अँड एम. कॉलेजाने. १९१६ ते १९४० या काळात तेथे प्रशिक्षक असलेल्या एड गॅलघर यांच्या संघांनी ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी आरंभीची काही अनधिकृत होती, कारण सुरुवातीच्या स्पर्धांत संघाच्या विजेतेपदाला औपचारिक मान्यता नव्हती. म्हणजे व्यक्तीची स्पर्धा आधी आली आणि संघाची बेरीज तिच्यावर नंतर बसविली गेली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९२८ मध्ये गट सात होते : ११५, १२५, १३५, १४५, १५८ आणि १७५ पौंड, व त्यापुढे वजनमर्यादा नसलेला खुला गट. १९७० पर्यंत गटांची संख्या १० झाली : ११८, १२६, १३४, १४२, १५०, १५८, १६७, १७७, १९० आणि अतिवजनी गट. अधिक मल्लांना संधी मिळावी हा गट वाढविण्यामागील हेतू उघड आहे; परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की गटांमधील अंतर आकुंचन पावले. १९२८ मध्ये १५८ आणि १७५ यांत १७ पौंडांचे अंतर होते. १७० पौंडांच्या मल्लाने १५८ वर उतरण्याचा विचार करणे म्हणजे मोठे धाडस. १९७० च्या रचनेत खालचा गट सात-आठ पौंडांवर, म्हणजे साडेतीन किलोंच्या आसपास येऊन ठेपला. इतके वजन दोन-तीन दिवसांत घाम गाळून उतरविता येते, हे प्रत्येक मल्लाला ठाऊक असते. गट जितके दाट, तितका खाली उतरण्याचा मोह अधिक.

आणि हा मोह फार जुना आहे. वजन उतरविण्याच्या प्रथेविषयीची चिंता अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या नियतकालिकांत १९३० मध्येच व्यक्त झालेली आढळते.

संघाच्या गरजेचे गणित

'संघाची गरज' हा शब्दप्रयोग आपण एकवचनी करतो. प्रत्यक्षात महाविद्यालयीन कुस्तीत संघाच्या गरजा दोन असतात आणि त्या अनेकदा परस्परविरोधी असतात.

पहिली गरज दोन महाविद्यालयांमधील संघसामन्याची. यात १० गटांच्या १० कुस्त्या होतात. साध्या गुणाधिक्याच्या विजयाला संघास ३ गुण, आठ किंवा अधिक गुणांच्या फरकाने मिळविलेल्या विजयाला ४, पंधरा गुणांच्या आघाडीवर मिळणाऱ्या तांत्रिक विजयाला ५ आणि चीतपटीला ६ गुण मिळतात. एखाद्या गटात संघाकडे मल्लच नसेल, तर प्रतिपक्षाला पुढे चाल मिळते आणि तिचेही ६ गुण होतात. आता एक साधा हिशेब पाहू. १५७ च्या गटात संघाकडे दोन चांगले मल्ल आहेत आणि १६५ चा गट रिकामा आहे. त्या दोघांपैकी दुसरा वरच्या गटात गेला आणि आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्याकडून निसटता हरला, तर संघाचे ३ गुण जातात. तो गेला नसता तर ६ गेले असते. म्हणजे हरलेल्या मल्लाने संघाला ३ गुण मिळवून दिले, असेच म्हणावे लागते. या गुणांची नोंद त्याच्या नावावर कोठेच होत नाही. त्याच्या वैयक्तिक पत्रिकेत केवळ एक पराभव वाढतो.

दुसरी गरज हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेची, आणि सांघिक विजेतेपद ठरते ते येथे. तेथे पहिल्या क्रमांकाला १६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० असे उतरत्या क्रमाने आठव्याला ३ गुण मिळतात. शिवाय प्रत्येक विजयाचे व मोठ्या फरकाचे वेगळे गुण. रिकाम्या गटासाठी कोणताही दंड नाही, केवळ शून्य. परिणामी संघसामन्यात १० साधारण मल्ल उपयोगी पडतात, तर राष्ट्रीय स्पर्धेत चार-पाच असामान्य मल्ल विजेतेपद आणू शकतात. डिसेंबरात जे करणे संघाच्या हिताचे, ते मार्चमध्ये तसे असेलच असे नाही. प्रशिक्षक मल्लाला 'संघासाठी' वजन बदलावयास सांगतो, तेव्हा त्याच्या मनात यांपैकी कोणता संघ असतो, हा प्रश्न मल्लाने विचारावयास हवा. विचारला जातो की नाही, ते निराळे.

'पसंती' या शब्दाविषयी

मल्लाची 'पसंती' हा शब्ददेखील सावधपणे वापरावा लागतो. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील कुस्ती संघाला २०२५ पर्यंत एकूण ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत. गट १० आणि शिष्यवृत्त्या ९.९, यातील उपरोध कोणाच्याही लक्षात यावा. या शिष्यवृत्त्या अंशतः वाटता येत असल्याने त्या अनेकांमध्ये विभागल्या जात. त्यातही १९७३ पासून २०१२ पर्यंत त्या एकेका वर्षापुरत्याच देता येत होत्या; नूतनीकरण दरवर्षी करावे लागे आणि त्यात प्रशिक्षकाच्या मताला वजन असे. ज्याच्या शब्दावर पुढील वर्षाचे शुल्क अवलंबून आहे, त्याने "तू १४२ वर उतरशील का?" असे विचारल्यावर मिळणाऱ्या होकाराला पसंती म्हणावे काय?

मात्र मल्ल हा नेहमीच दबावाखालचा असतो, असे चित्र रंगविणेही एकांगी ठरेल. वजन उतरविण्याची ओढ बहुधा मल्लातूनच येते. खालच्या गटात आपण सर्वांत मोठे व बलवान ठरू, ही आशा त्यामागे असते. गंमत अशी की प्रतिस्पर्धीही हेच करीत असतो. त्यामुळे दोघेही पाणी गमावून, थकून, अखेर जवळपास तेवढ्याच वजनाच्या माणसासमोर उभे राहतात.

संघांतर्गत वाद मिटविण्याची रूढ पद्धत म्हणजे निवड-कुस्ती. एकाच गटाचे दावेदार एकमेकांशी लढतात आणि जिंकणारा जागा घेतो. ही पद्धत न्याय्य वाटते. पण हरणाऱ्याचे पुढे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. त्याच्यापुढे पुन्हा तेच तीन मार्ग उरतात.

१९७० : एका मल्लाची निवड

व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने गट निवडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७० चे आहे. आयोवा स्टेटचे डॅन गेबल यांनी १९६८ मध्ये १३० आणि १९६९ मध्ये १३७ पौंडांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. शालेय आणि महाविद्यालयीन कारकिर्दीत ते तोवर एकदाही हरलेले नव्हते. १९७० ची स्पर्धा इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे झाली. वॉशिंग्टन विद्यापीठाचे लॅरी ओविंग्ज हे एरवी वरच्या गटांत लढणारे मल्ल. गेबल यांच्याशी गाठ पडावी, याच हेतूने त्यांनी वजन घटवून १४२ चा गट निवडला आणि तसे उघडपणे बोलूनही दाखविले. अंतिम कुस्ती त्यांनी १३-११ अशी जिंकली. गेबल यांची कारकीर्द १८१ विजय आणि १ पराभव अशी संपली.

या घटनेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. त्या वर्षीचे सांघिक विजेतेपद आयोवा स्टेटलाच मिळाले. संघाच्या हिशेबाने पाहिल्यास गेबल यांचा पराभव म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गुणांतील फरक, बस इतकेच. तरीही १९७० चे स्मरण होते ते त्या एका कुस्तीसाठी. संघाची बेरीज कितीही काटेकोर असली, तरी प्रेक्षकांच्या स्मृतीत व्यक्तीच राहते. गेबल पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेते झाले आणि आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९९७ पर्यंत १५ सांघिक विजेतेपदे मिळविली.

त्याच वर्षी, १९७० मध्येच, आयोवातील शालेय मल्लांच्या वजन घटविण्याविषयीचा टिप्टन व चेंग यांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने मल्लांच्या वजनघटीविषयी आपली भूमिका जाहीर केली. विस्कॉन्सिन राज्याने १९८९ मध्ये शालेय मल्लांसाठी शरीरातील चरबीच्या प्रमाणावर आधारित किमान वजनाची योजना हाती घेतली. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, नमुनाही उपलब्ध होता. महाविद्यालयीन कुस्तीने तो उचलला नाही.

१९९७ चा हिवाळा

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सुमारे महिनाभराच्या अवधीत, नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजन उतरविताना मृत्यू झाला. वये १९, २२ आणि २१. अमेरिकन शासनाच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी १९९८ मध्ये या तिन्ही घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला. राष्ट्रीय पातळीवर नोंदी ठेवण्यास १९८२ मध्ये प्रारंभ झाल्यापासून या प्रकारचे हे पहिलेच नोंदविलेले मृत्यू होते. तिघांनीही बाष्प बाहेर जाऊ न देणारे कपडे अंगावर चढवून तापविलेल्या जागेत कठोर व्यायाम केला होता. पहिल्या मल्लाचे हंगामापूर्वीचे वजन २३३ पौंड होते आणि त्याला १९५ वर यावयाचे होते. सुमारे १० आठवड्यांत २३ पौंड उतरल्यानंतर उरलेले १५ पौंड त्याने १२ तासांत उतरविण्याचा प्रयत्न केला. १५ पौंड म्हणजे जवळपास सात किलो.

अहवालाची भाषा वैद्यकीय आणि तटस्थ आहे. तो वाचताना मनाला लागते ती दुसरीच गोष्ट. या तरुणांनी कोणताही नियम मोडला नव्हता. तापलेली खोली, रबरी पोशाख, दिवसेंदिवस तहान मारणे, हे सारे त्या काळच्या कुस्तीचे नित्याचे जीवन होते आणि पिढ्यान्‌पिढ्या मल्लांनी ते मर्दुमकी म्हणून मिरविले होते. वजन झाल्यानंतर कुस्तीपर्यंत पुष्कळ तास, कधी जवळपास एक दिवस मिळत असल्याने गमावलेले पाणी भरून काढता येते, असा सर्वांचा हिशेब होता. १९९२ च्या राष्ट्रीय स्पर्धेतील मल्लांच्या पाहणीत वजन आणि कुस्ती यांमधील काळात त्यांचे वजन सरासरी सुमारे पावणेचार किलोंनी वाढल्याचे आढळले होते. म्हणजे बहुसंख्य मल्ल आपल्या गटाच्या नावाचे नव्हतेच. सारेच एका गटाने खाली सरकलेले होते.

जानेवारी १९९८ मध्ये, हंगाम चालू असतानाच, एनसीएएने प्रत्येक गटाला ७ पौंडांची सवलत दिली आणि तापविलेल्या खोल्या, बाष्पस्नान, रबरी व प्लास्टिकचे पोशाख आणि मूत्रल औषधे यांवर बंदी घातली. १९९८-९९ पासून गटच वर सरकविण्यात आले : १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५. वजन आणि कुस्ती यांतील अंतर दोन तासांच्या आत आणले गेले. शिवाय हंगामाच्या प्रारंभी प्रत्येक मल्लाची तपासणी होऊ लागली. आधी मूत्राच्या विशिष्ट घनतेवरून त्याच्या शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करावयाची, मग चरबीचे प्रमाण मोजावयाचे आणि ५ टक्के चरबी गृहीत धरून त्याचे किमान वजन निश्चित करावयाचे. त्या वजनापर्यंत येतानाही आठवड्याला शरीरवजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट चालणार नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत वजनानंतरची सरासरी वाढ एक किलोच्याही आत आली होती. नियम बदलला की शतकभराची 'परंपरा' एका हंगामात कशी ओसरते, याचे याहून बोलके उदाहरण क्रीडेतिहासात क्वचितच सापडेल. तथापि वजन उतरविणे थांबले, असा याचा अर्थ नव्हे. ते मोजमापाच्या कक्षेत आले.

तडजोडीची पालटलेली दिशा

या सुधारणांची चर्चा आरोग्याच्या अंगाने पुष्कळ झाली. व्यक्ती व संघ यांच्यातील तडजोडीवर तिचा काय परिणाम झाला, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्वी एका गटात दोन मल्ल झाले की त्यांपैकी एकाला खाली ढकलणे हा प्रशिक्षकाचा सहज उपाय होता. शरीर लवचीक मानले जाई. प्रश्न केवळ मनाच्या तयारीचा असे. आता खालची मर्यादा कागदावर, तारखेसह लिहिलेली असते. प्रशिक्षकाची निकड कितीही मोठी असो, त्या ओळीखाली मल्लाला नेता येत नाही. दाटी झाली की एक दार बंद आणि वरचे तेवढे उघडे, अशी स्थिती वारंवार येऊ लागली. तडजोडीचे चलन पाण्याऐवजी स्नायू आणि काळ हे झाले.

कॉर्नेल विद्यापीठाचे काइल डेक यांनी २०१० मध्ये १४१, २०११ मध्ये १४९, २०१२ मध्ये १५७ आणि २०१३ मध्ये १६५ पौंडांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. चार वर्षे, चार गट. असा पराक्रम त्यांच्यापूर्वी कोणी केला नव्हता. १६५ च्या गटात २०१२ चे विजेते, पेन स्टेटचे डेव्हिड टेलर आधीच होते. अंतिम फेरीत डेक ५-४ ने जिंकले. ओविंग्ज गेबल यांना गाठण्यासाठी खाली उतरले होते, डेक टेलर यांच्यापर्यंत वर चढले. दोन्ही व्यक्तिगत निवडीच, पण त्यांच्यामधील ४३ वर्षांत दिशा नेमकी उलटी झालेली दिसते. कॉर्नेल ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, तेथे क्रीडा शिष्यवृत्त्या दिल्या जात नाहीत. डेक यांच्या मोकळीकीशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु एका उदाहरणावरून तसे म्हणणे घाईचे ठरेल. त्या वर्षी टेलर हरले, तरी पेन स्टेटने ओक्लाहोमा स्टेटला १२३.५ विरुद्ध ११९.५ असे मागे टाकून सांघिक विजेतेपद राखले.

संघाच्या गरजेतून झालेल्या फेररचनेचे अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक बोधक उदाहरण त्याच पेन स्टेटचे आहे. तेथील प्रशिक्षक केल सँडरसन हे स्वतः आयोवा स्टेटचे मल्ल असताना १५९ कुस्त्यांत अपराजित राहिले होते. पहिली तीन विजेतेपदे त्यांनी १८४ च्या गटात, तर २००२ चे चौथे १९७ च्या गटात मिळविले. २०१७-१८ च्या हंगामात त्यांच्या संघात १९७ च्या गटासाठी अँथनी कसार आणि शकूर रशीद हे दोन दावेदार होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये कसार यांनी ओहायो स्टेटच्या कॉलिन मूर यांच्यासारख्या बलाढ्य मल्लाला हरविले, आणि तरीही हंगामाच्या अखेरच्या स्पर्धांसाठी निवड झाली ती रशीद यांची. पुढील हंगामात १८४ चे विजेते बो निकल १९७ मध्ये चढले. रशीद १८४ मध्ये उतरले. कसार यांच्यासाठी १९७ चे दार पुन्हा बंद झाले होते.

ते २८५ च्या गटात गेले. नव्या रचनेतील एका वैशिष्ट्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. खालच्या गटांमध्ये आठ-आठ पौंडांचे अंतर असताना १९७ आणि २८५ यांत तब्बल ८८ पौंडांचे अंतर आहे. या गटात लढण्यासाठी २८५ पौंड भरावे लागत नाहीत. १८३ हून अधिक असले की पुरे. मात्र समोर उभा राहणारा मल्ल १५-२० किलोंनी जड असू शकतो. कसार यांनी अंग भरले, चपळाई राखली आणि मार्च २०१९ मध्ये पिट्सबर्ग येथे त्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. निकल यांनी १९७ चे विजेतेपद मिळविले आणि सांघिक विजेतेपदही पेन स्टेटकडेच गेले.

ही कथा सुफळ संपूर्ण झाली म्हणून ती सांगितली जाते. तिच्यातील २०१८ चा भाग विसरता कामा नये. त्या वर्षी कसार यांनी कोणतीही चूक केलेली नव्हती आणि प्रशिक्षकांनी अन्याय केला, असेही म्हणता येत नाही. जागा एक होती आणि माणसे दोन.

वरच्या गटात जाऊन यश मिळविल्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे हे विद्यार्थी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात लढून सहावे आले. त्या स्पर्धेपूर्वी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन लाभले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्यपदक त्यांनी मिळविले ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात. त्यासाठीच्या प्रवासखर्चाकरिता प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते, हे सर्वश्रुत आहे.

एका गटात एकच

'एका गटात एकच' हा नियम महाविद्यालयांपुरता मर्यादित नाही. ऑलिंपिकमध्ये तो देशाला लागू होतो आणि तेथे किमान वजनाची अशी तपासणी होत नाही. विनेश फोगट यांचा गट ५३ किलोंचा. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून अंतिम पंघाल यांनी त्या गटात भारताची पॅरिस ऑलिंपिकमधील जागा निश्चित केली, तेव्हा विनेश गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होत्या. मार्च २०२४ मध्ये पतियाळा येथील निवड चाचणीत त्या एकाच दिवशी ५० आणि ५३ अशा दोन्ही गटांत लढल्या आणि पुढे ५० च्या गटात पॅरिसला गेल्या. ६ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन झाले, ते १०० ग्रॅमने अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. त्यानंतर आपल्याकडे सारी चर्चा त्या १०० ग्रॅमभोवती फिरली. मुळात ५३ किलोंची स्त्री ५० वर का आली होती, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सहाच गट आहेत. ५३ च्या वर ५७ आणि खाली ५०. अमेरिकन महाविद्यालयांनी १९९८ मध्ये जे दार बंद केले, ते तेथे उघडे होते.

अमेरिकेत दरम्यान जागेचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार, तीत सहभागी होणाऱ्या महाविद्यालयांसाठी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा उठविण्यात आली आणि तिच्या जागी संघाच्या आकारावर मर्यादा आली. कुस्तीसाठी ती ३० मल्लांची आहे, म्हणजे सरासरी एका गटामागे तीन. ९.९ चा आकडा इतिहासजमा झाल्याने मान्यवर मल्लांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळणे सुकर झाले. त्याच वेळी, शिष्यवृत्तीविना केवळ हौसेने संघात राहणाऱ्या मल्लांसाठी जागा आक्रसली. संघसामन्यात ऐनवेळी आपल्या वजनापेक्षा वरच्या गटात उतरून, निसटते हरून, संघाचे तीन गुण वाचविणारा मल्ल बहुधा याच मंडळींतून येतो.